आगवाल्याची तिथी

आत्तीनं आयुष्यात माझ्याकडं एकच गोष्ट मागितली आणि तीही मी निवृत्त झाल्यावर. नोकरीत असताना मागितली असती तर निदान चार शिपाई तरी कामाला लावले असते.

आत्ती म्हणजे माझ्या वडिलांची थोरली बहीण. वय नव्वदीच्या घरात. नेमकं किती ते तिलाही ठाऊक नाही आणि विचारलं की ती चिडते. एकोणिसाव्या वर्षी नवरा गेला आणि ती माहेरी आली, ती पाटणच्या पुढं आमच्या गावी कायमचीच. माझ्या वडिलांना तिनं खेळवलं, आम्हा भावंडांना वाढवलं. आता माझ्या धाकट्या भावाच्या घरी सोप्यात बसून ती सगळ्यांवर हुकूम सोडत असते. भाऊ सैन्यातून हवालदार होऊन निवृत्त झालाय, पण घरातली हवालदारकी अजून आत्तीकडंच आहे.

माझी सारी नोकरी सांगलीत, भूमी अभिलेख कार्यालयात गेली. जमिनीचे जुने नकाशे, वाटण्यांचे कागद, मोडीतल्या नोंदी. कुणाच्या पणज्याचं नाव कुठल्या बांधावर अडकून पडलंय ते मी बसल्या जागी काढून द्यायची. याचा मला भलताच ताठा होता आणि तो अजून उतरलेला नाही. सुट्टीत गावी गेले की मी आत्तीला ऑफिसातल्या गोष्टी रंगवून सांगायची आणि ती कान देऊन ऐकायची. कुणाच्या नोंदीवर कुणी हरकत घेतली, कुणाला नोटीसच मिळाली नाही, सगळं तिला पाठ.

त्या वर्षी पितृपंधरवड्यातल्या नवमीला मी सांगलीजवळच्या माधवनगरहून, माझ्या घरून, गावी गेले होते. नवऱ्याच्या आधी, कुंकू लावून गेलेल्या बायकांची ती नवमी. आमच्याकडं तिला आहेव नवमी म्हणतात. त्या दिवशी आमच्या घरी आजीचं पान वाढतात, म्हणजे आत्तीच्या आणि माझ्या वडिलांच्या आईचं. एका सवाष्णीला जेवू घालतात, तिची ओटी भरतात. बरीच वर्षं ती सवाष्ण मीच असते. जेवणं झाली, भावजय आवराआवरीला लागली आणि आत्ती मला जवळ बोलवून म्हणाली, "तू समद्या जगाचं आजं-पणजं हुडकून दिलंस. माजा बा कुटं ग्येला त्ये हुडीक की."

आमच्या घरात आजोबांचा विषय कुणी काढत नसे.

आजोबा घर सोडून गेले तेव्हा आत्ती चार-पाच वर्षांची होती. मधे दोन-तीनदा आले. शेवटचे आले तेव्हा माझे वडील आजीच्या पोटात होते. त्यानंतर कुणाकडून तरी लिहवून घेतलेली पत्रं यायची, मग तीही थांबली. महायुद्ध चालू होतं, तोवर लोक म्हणायचे, येईल. युद्ध संपलं, गावातले जे यायचे ते आले, जे यायचे नव्हते त्यांच्या तारा आल्या. आजोबांचं दोन्हीतलं काहीच झालं नाही. मग तोंडं सुटली. मुंबईहून आलेला एक जण म्हणाला, त्यानं तिकडं दुसरं घर केलंय. दुसऱ्यानं त्यात बिलायतेची बाई घातली, तिसऱ्यानं घाऱ्या डोळ्यांची पोरं घातली. पाच-सहा वर्षांत गावानं आजोबांचा अख्खा संसार थाटून दिला.

आजी कुंकू लावत राहिली. बारा वर्षं झाल्यावर भावकी जमली आणि म्हणाली, आता रीतीप्रमाणं पळसाच्या पानांचा पुतळा करून त्याला अग्नी देऊ, तेराव्याला जेवू, म्हणजे सगळेच मोकळे होतील. आजीनं त्यांना चहाही विचारला नाही म्हणे. "त्यो मेला ह्ये तुमाला कुनी सांगितलं?" एवढंच म्हणाली आणि गोठ्यात शेणकुराला निघून गेली.

माझ्या आठवणीतली आजी म्हणजे ते कुंकू. सकाळी आंघोळ झाली की ती दाराशी उजेडाला बसायची. आधी मेणाचं बोट कपाळावर फिरवायची, मग त्यावर कुंकू, चांगलं रुपयाएवढं. आरसा नसायचा तरी कधी वाकडं गेलं नाही. मी शेजारी बसून बघत राहायची आणि ती उरलेलं बोट माझ्या कपाळाला पुसायची. संक्रांतीच्या हळदीकुंकवाला आळीतल्या बायका तिला बोलवायच्या, पण सगळ्यांत शेवटी, आणि करंडा पुढं करताना एकमेकींकडं बघायच्या. आजीला ते दिसत नव्हतं असं नाही. ती सगळ्यांच्या घरी जायची, वाण घ्यायची आणि पदर सावरून परत यायची. मला तेव्हा तिचा थोडा रागच यायचा, जाऊ नये ना असल्यांकडं.

मी नववीत असताना ती गेली. हिरवं लुगडं, हिरवा चुडा, ओटीत नारळ. इतकी नटलेली आजी मी त्याआधी पाहिली नव्हती. तेव्हापासून तिचं पान नवमीला.

"आत्ताच कुठं आजोबांची आठवण झाली तुला?" मी आत्तीला विचारलं. वास्तविक मला म्हणायचं होतं की कशाला जुनी खपली काढतेस.

आत्तीनं भावजय आत आहे ना ते बघितलं. मग म्हणाली, "म्या तिला बोललेय."

"कुणाला?"

"आईला. माज्या कपाळाचं पुसलं त्या वर्सी. पयली संक्रांत हुती. ती सकाळी दारात बसून कुंकू लावत हुती आन म्या चुलीपाशी. मला काय झालं कुनास ठावं. म्हनलं, पूस त्ये. तुजा दादला बाई घिऊन बसलाय तिकडं, आन तू हितं मिरवतीस. माजा तरी खरा मेला."

"मग?"

"मग काय. तिनं लावायचं त्ये लावलं. मला भाकरी वाडली. पुन्ना कवा त्यावर बोलली न्हाई. म्या बी न्हाई."

सत्तर वर्षं ही बाई हे पोटात घेऊन बसली होती. आपला बाप खरंच दुसरं घर करून बसला होता का, एवढंच तिला मरायच्या आधी हवं होतं. बसला असेल तर ती आईला खरं तेच बोलली होती. बसला नसेल तर तिला आईची माफी मागायची होती. मी हो म्हणाले. नाही म्हणून सांगते कुणाला!

आता माझी हुशारी ऐका. पहिली दोन वर्षं मी आजोबांना पलटणीत शोधलं. आमच्या भागात घरातून गेलेला माणूस एक तर पलटणीत, नाहीतर मुंबईच्या गिरणीत. तिसरी जागा कुणाच्या डोक्यातच येत नाही. आजी लोकांना सांगायची, "लढाईवर हायती." गावात दर दोन घरांमागं एक फौजी, तेव्हा आम्हीही तेच धरून चाललो. भावानं ओळखीच्या सुभेदारांना धरलं, अर्ज केले, रेकॉर्ड ऑफिसांना पत्रं लिहिली. सगळीकडून एकच उत्तर, या नावाचा, या गावचा जवान आमच्याकडं नाही. भाऊ हिरमुसला. फौजी माणसाला फौजेच्या कागदात आपला आजा नसावा हे सहन होईना. मला मात्र मनातून भीती वाटायला लागली की गाव म्हणत होतं तेच खरं निघणार.

वाट सापडली ती आत्तीकडूनच आणि तीही पावटा सोलताना. बापाचं काय काय आठवतं म्हणून मी सहज खोदत होते. ती म्हणाली, बा घरी आला की पहिले चार-आठ दिवस त्याच्या आंघोळीचं पाणी काळं यायचं. नखं कधी पांढरी झालीच नाहीत. उजव्या हातावर मारुती गोंदलेला होता. तो मूठ आवळायचा तसा मारुती फुगायचा, आणि तो म्हणायचा, बघ उडाला. आणि त्याच्याबरोबर घाटाखालचा एक माणूस यायचा, कुंभार्ली घाटानं चालत. येताना सुकी मासळी आणायचा, जाताना आई त्याला गुळाची ढेप द्यायची. बा त्याला लय मान द्यायचा, सारंगसायेब म्हणायचा.

माझ्या हातातल्या शेंगा तशाच राहिल्या. सारंग म्हणजे जहाजावरच्या खलाशांचा मुकादम, हे मला पुस्तकी का होईना ठाऊक होतं. हे सारंग आपापल्या गावची, ओळखीपाळखीची माणसं घेऊन जायचे. चिपळूणकडच्या त्या सारंगानं घाटावरचा आमचा आजोबा उचलला होता आणि जहाजाच्या पोटात, भट्टीत कोळसा घालायला नेला होता. आगवाला. नदीओढ्यापलीकडं पाणी न बघितलेला माणूस समुद्रावर, आणि तिथंही त्याच्या वाट्याला पाणी नाही, विस्तव.

मग मी समुद्राच्या मागं लागले. परदेशातल्या एका दप्तरखान्याचे जुने कागद कॉम्प्युटरवर बघता येतात असं कळलं. मी जहाजांच्या उतारूंच्या याद्या उघडल्या आणि त्यात सहा महिने घालवले. काय काय माणसं त्यात! मळ्यांवर मजुरीला निघालेली कुटुंबं, शिकायला निघालेले वकील, तान्ह्या बाळासकट एकटीच निघालेली एक बाई. तिचं पुढं काय झालं या विचारानं मी दोन दिवस बेचैन होते. घरी चहा थंड व्हायचा, आमचे हे म्हणायचे, जहाज बंदराला लागलं की सांग, कुकर लावतो. आजोबा काही सापडेनात. शेवटी मी दप्तरखान्याला पत्र धाडलं. तिथल्या एका बाईचं दुसऱ्याच दिवशी सभ्य उत्तर आलं. जहाजावर काम करणारा माणूस उतारूंच्या यादीत नसतो, तो खलाशांच्या यादीत असतो. तीस वर्षं दप्तर हाताळलेली मी! एस.टी.च्या ड्रायव्हरला तिकिटांच्या पावत्यांत शोधत बसले होते.

त्या बाईंनी सांगितलं, हिंदी खलाशांची कार्डं आहेत, पण लावलीत माणसाच्या पहिल्या नावावरून. आडनाव नाही. आजोबांचं नाव आमच्या भागात गल्लोगल्ली सापडावं असलं. मी लिहिलं, तुमच्याकडं नावावरून लावलेलं असेल, पण आमच्या खात्यात माणूस गावावरून सापडतो. तेव्हा या नावाची सगळी कार्डं पाठवा, गावाचं मी बघते. बाई चांगली असावी. तिनं हप्त्याहप्त्यानं कार्डं पाठवली. मी एकेक उघडायची, गावाचा रकाना बघायची आणि मिटायची. दापोली, गुहागर, खेड, राजापूर. सगळं कोकण येऊन गेलं. मिटताना त्या त्या माणसाचा चेहरा दिसायचाच, कारण कार्डावर फोटो आहे आणि डाव्या अंगठ्याचा ठसा आहे. या कुणाच्या घरी कुणी वाट बघत असेल का, असं वाटायचं आणि मी पुढचं कार्ड उघडायची.

एका दुपारी गावाच्या रकान्यात आमचं गाव होतं. पुढं पाटण, सातारा. मी चष्मा पुसला. फोटोत माझे वडील होते. म्हणजे वडील नव्हेत, पण तेच रुंद कपाळ, तेच एका बाजूला कललेले ओठ, तीच रागावल्यासारखी नजर. माझ्या वडिलांनी जन्मात आपला बाप पाहिला नाही. आरशात रोज पाहत होते, त्यांना ठाऊक नव्हतं. ते जाऊन अकरा वर्षं झाली होती. मी त्या कॉम्प्युटरपुढं हमसून हमसून रडले, त्यात लाज कसली.

मग पुढचं वाचलं. काम, आगवाला. अंगावरची खूण या रकान्यात तिथल्या कारकुनानं लिहिलं होतं, उजव्या हातावर गदा घेतलेलं माकड. जवळचं नातेवाईक या रकान्यात आजीचं नाव होतं, पुढं पत्नी, आणि खाली आमचं गाव. आजीचं नाव! जमिनीच्या कुठल्या उताऱ्यावर ते नाही. आमच्या सगळ्या दप्तरात मी ते कधी पाहिलं नाही, मी मुद्दाम शोधलं होतं. ते इतक्या लांब, कुणा परक्याच्या हातानं, शाईनं लिहिलेलं होतं.

शेवटच्या ओळीत शिक्का होता. जहाज शत्रूनं बुडवलं. तारीख. माणूस मृत. आणि त्याखाली बारीक अक्षरात, नातेवाइकांना पाठवलेलं पत्र पत्ता न लागल्यानं परत.

मला इतका संताप आला की मी उठून घरभर फिरले. पत्ता लागला नाही! गाव आहे, तालुका आहे, जिल्हा आहे, आणखी काय हवं होतं? कुठल्या टपालात ते फिरलं, गुजरातच्या पाटणला गेलं की कुठल्या टेबलाखाली पडलं, देव जाणे. कुणीतरी शिक्का मारला आणि मोकळा झाला. पाणी प्यायले, खाली बसले, तेव्हा आठवलं की असे शिक्के मीही मारलेत. परत आलेल्या नोटिसा फायलीला लावून 'पत्ता अपूर्ण' असा शेरा मारून जेवायला उठलेय. कुणाच्या तरी आजीची ती नोटीस असेल.

संताप ओसरल्यावर खरा पेच ध्यानात आला. आजोबा शेवटच्या पत्रानंतर वर्षाच्या आतच गेले होते. म्हणजे दुसरं घर नाही, बाई नाही, घारी पोरं नाहीत. हे ऐकायला आत्ती आसुसली होती. पण मग आजी त्याच दिवशी विधवा झाली होती. पुढं तीस वर्षांवर ती कुंकू लावत राहिली, हळदीकुंकवाला जात राहिली, हिरवं लुगडं नेसून गेली, आणि आम्ही तिचं पान आहेव नवमीला वाढत राहिलो. बाप इमानी ठरला तर आईचं कुंकू खोटं पडत होतं. आईचं कुंकू खरं ठेवायचं तर बाप लबाड ठरत होता. दोन्ही एकदम पदरात पडायचं नव्हतं.

माधवनगर ते कराड, कराडहून पाटण, सगळ्या वाटेत मी कार्डाची प्रत पिशवीत घेऊन बसले होते. सापडलं नाही असं सांगावं, हे मनात आलं. तारीख दहा-पंधरा वर्षांनी पुढं सरकवावी, युद्धानंतर कधीतरी आजारानं गेले म्हणावं, हेही आलं. तिला थोडंच वाचता येतंय? पण नोकरीत मी नोंदीतला एक आकडा कधी बदलला नाही, आणि नव्वदीच्या बाईला फसवायचं म्हणजे फारच झालं.

आत्ती सोप्यातच होती. भाऊही येऊन बसला. मी काही न बोलता फोटो तिच्या हातात दिला. तिनं तो डोळ्याजवळ नेला, लांब धरला, परत जवळ आणला. "ह्यो तर माजा भाऊ," म्हणाली आणि मग तिचं तिलाच कळलं. मी खूण वाचून दाखवली, गदा घेतलेलं माकड.

"माकड?" भाऊ उसळला. "मारुतीला माकड म्हणतात? यांच्या तर..."

आत्तीला मात्र हसू फुटलं. दात नसलेल्या तोंडानं ती हसत सुटली आणि हसता हसता डोळे पुसायला लागली. "त्येनं मूठ आवळून दावली न्हाई व्हय त्या सायबाला," म्हणाली.

मग फोटो मांडीवर पालथा ठेवून तिनं विचारलं, "दुसरं घर केलंतं?"

"नाही आत्ती. कागदावर तुझ्या आईचंच नाव आहे. बायको म्हणून."

"तिचं नाव? लिवलंय?"

मी बोट ठेवून दाखवलं. तिनं त्या अक्षरांवरून अंगठा फिरवला. मग, मला ज्याची भीती वाटत होती ते विचारलं, "कवा ग्येला?"

"लढाईतच. जहाज बुडालं. तू सात-आठ वर्षांची असशील."

तिला हिशेब करायला वेळ लागला नाही. "म्हंजी आई..." एवढं म्हणून ती थांबली. त्या दिवशी ती जेवली नाही. भावजयीनं दोनदा ताट पुढं केलं, तिनं नको म्हटलं.

भाऊ पडला शिस्तीचा माणूस. त्यानं मोबाईलवर तारखेची तिथी काढली, पंचमी निघाली. संध्याकाळी चहा पिताना त्यानं निकाल दिला. यंदापासून आजोबांचा म्हाळ पंचमीला. आजी त्यांच्या मागं गेली असल्यामुळं तिचं पानही त्यांच्याबरोबर पंचमीलाच. नवमी बंद. "आपण इतकी वर्षं चुकीचं करत आलो, आता सुधारू. रेकॉर्ड म्हणजे रेकॉर्ड," तो म्हणाला. आयुष्यभर हेच वाक्य मी लोकांना ऐकवत आले. आत्ती एवढंच म्हणाली, "बघू."

पुढचे काही महिने फोन केला की ती तब्येतीचं सांगायची, पावसाचं सांगायची, त्या विषयावर अवाक्षर नाही. मला वाटायचं, चूक केली, सांगायला नको होतं. आजीचे हिरवे चुडे माझ्या डोळ्यांपुढून हलत नव्हते. मलाच वाटायचं की मी ते फोडलेत.

पितृपंधरवडा आला. पंचमीला भावानं आजोबांचं पान मनोभावे वाढलं. मी नव्हते, पण भावजय सांगत होती की पानापुढं तो ताठ सावधान उभा राहिला होता. आणि सप्तमीला आत्तीचा फोन आला. "नवमीला ये. सवाष्न पायजे."

मी गेले तर घरात वाद पेटलेला. भाऊ म्हणत होता, आत्ती, रीतीत बसत नाही. नवऱ्याच्या मागं गेलेल्या बाईची नवमी करत नाहीत, गाव हसेल.

"गाव तवा बी हसतच हुतं," आत्ती म्हणाली. "मला येक सांग, तिला कुनी कळवलं हुतं का?"

"कळवलं नाही, पण—"

"कागुद आला हुता का तिच्या हातात?" मग माझ्याकडं वळून, "तूच म्हनायचीस न्हवं, नोटीस पोचली न्हाई तर नोंद धरत न्हाईत? काय गं? धरत्यात का?"

भावानं माझ्याकडं बघितलं. मी खात्यातली सारी वर्षं आठवली आणि म्हणाले, "नाही धरत. ज्याला कळवायचं त्याला कळवल्याशिवाय नोंद मंजूर होत नाही."

"मग," आत्ती म्हणाली, "माजी आई आहेवच ग्येली."

भाऊ उठून केळीची पानं कापायला परड्यात गेला.

पान वाढून झालं. भात, वरण, भजी, खीर. मी पाटावर बसले होते. भावजय करंडा घेऊन आली आणि आजीच्या पानाशी वाकली. पानापुढं हळदीकुंकू वाहायचं असतं, ते सवाष्णीनंच वाहायचं. आत्ती भिंतीला धरून उठली, तिथवर आली आणि म्हणाली, "आन हिकडं."

भावजय घाबरली. आत्तीनं एकोणिसाव्या वर्षापासून कुंकवाला बोट लावलं नव्हतं. सणावाराला करंडा वाटेत असला तर ती वळसा घालून जायची. माझ्या लग्नात मला कुंकू लावायला तिनं दुसऱ्या बाईला पुढं केलं होतं आणि स्वतः दाराआड उभी राहिली होती. भावजयीनं माझ्याकडं बघितलं, मी मान हलवली. करंडा आत्तीच्या हातात गेला.

तिला खाली बसायला वेळ लागला. मी हात दिला तो तिनं घेतला नाही. बोट कुंकवात बुडवून तिनं पानाच्या कडेला टिकली लावली, मोठी, रुपयाएवढी. टिकली वाकडी गेली नाही.

"आई," ती म्हणाली, "चुकलं माजं."

भाऊ दारात पाठमोरा उभा होता. आत्तीनं पदरानं तोंड पुसलं आणि भावजयीवर नेहमीच्या आवाजात ओरडली, "बगत काय हुबी ऱ्हायलीस? तूप वाड की. लय वाट बघितलीया तिनं."